तिसरं रीळ आधी लागलं

सर,

काल तुमच्या शोकसभेत मला दोन शब्द बोला म्हणाले. मी नाही म्हणालो. चर्चच्या पाळकसाहेबांनी दोनदा माईक पुढं केला, मी दोनदा मान हलवली. लोकांना वाटलं, म्हातारा रफीक गहिवरला. गहिवरलो होतो, ते काही खोटं नाही. पण बोललो नाही ते त्यामुळं नाही. तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं, आणि खरं बाहेर पडलं असतं तर तिथं बसलेल्या लोकांनी तुमच्याबद्दल जे काही ऐकलं त्याच्या मुळालाच हात लागला असता. म्हणून गप्प बसलो. बत्तीस वर्षं गप्पच बसलोय, अजून एक दिवस काही जड गेला नाही.

पाळकसाहेब काय बोलले ते तुम्हाला सांगायलाच नको. तुमचीच शिकवण बोलले. ‘साळवे सर आपल्याला सांगून गेले, की क्षमा आधी असते आणि गुन्हा मागून येतो.’ मग जवळा बाजार गावात दाखवलेल्या त्या पिक्चरची गोष्ट. दोन शेतकरी, एक बंधारा. बायका डोळे पुसत होत्या. तिसऱ्या रांगेत तुमचा विनय बसला होता. एकटा, बॅग मांडीवर घेऊन, एसटीची वाट बघत असल्यासारखा. गोष्ट सुरू झाली तसा तो उठला आणि बाहेर गेला. शेजारची बाई मला म्हणाली, “बघा, बापाच्या मयतीला आला पन राग सोडला न्हाई पोरानं.”

तो कशावर रागावलाय हे हिंगोलीत दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक तुम्ही.

तुमची-माझी ओळख झाली तेव्हा मी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. तुम्ही प्राथमिक शाळेचे हेडमास्तर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. तुमच्या चर्चच्या माळ्यावर कुणा परदेशी मिशनऱ्यानं मागं सोडलेला सोळा एमएमचा प्रोजेक्टर धूळ खात पडला होता, तो तुम्ही सायकलच्या कॅरिअरला बांधून टॉकीजवर आणलात. मला म्हणालात, “रफीक, हे यंत्र बोलतं कर.” मी उघडून बघितलं तर आत उंदराचं घरटं. पिलांसकट. मी चिमट्यानं काढून टाकणार तेवढ्यात तुम्ही हात धरलात. पिलं मोठी होईपर्यंत पंधरा दिवस ते मशीन तसंच ठेवायला लावलंत. मी मनात म्हणालो, हे गिऱ्हाईक जड जाणार.

जड गेलंच. रविवारी दुपारी तुमची प्रार्थना उरकली, की दिवस कलायच्या आत आपण निघायचो. एका सायकलवर मशीन, दुसरीवर डबे आणि पडदा. जनरेटर त्या गावातला कुणीतरी द्यायचा. जवळा बाजार, नरसी, सिद्धेश्वर, जिथं कुणी बोलवेल तिथं. डबे नांदेडहून एसटीनं यायचे. आणि पिक्चर कसले, तर जुने, काळे-पांढरे, ज्यांना टॉकीजमध्ये कुत्रं आलं नसतं. मी म्हणायचो, सर, एखादी फायटिंगची आणा, गर्दी होईल. तुम्ही म्हणायचात, “ज्यात मानूस बी दिसतो आन माती बी दिसते, असंच पिक्चर आनायचं.”

रीळ बदलायला मला पाच-सात मिनिटं लागायची. एकच मशीन, दुसरं काय होणार. ती पाच-सात मिनिटं तुमची. बल्ब लागायचा आणि तुम्ही पडद्यासमोर उभे राहायचात. आत्ता काय बघितलं? त्या माणसानं काय केलं? बैलानं काय केलं? लोक बोलायचे, तुम्ही ऐकायचात, आणि मग हळूच तुमची शिकवण यायची. कुणाला चर्चला या म्हणाला नाहीत कधी. गावातली बौद्ध मंडळी असायची, आमची मुसलमानांची पोरं असायची, सगळे असायचे. तुम्ही फक्त म्हणायचात, देवानं माणसाला बाग दिली ती राखायला दिली, सातबाऱ्यावर नाव चढवायला नाही.

मला ते पटायचं नाही, म्हणजे मी तसं दाखवायचो. परतीच्या वाटेवर आपली भांडणं. एक विलायती मुका पिक्चर होता, म्हातारा मेंढपाळ बर्फात एक हरवलेलं कोकरू शोधत फिरतो. तुमचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, “सर, तेच कोकरू मोठं झाल्यावर तो खानारच ना?” तुम्ही सायकल थांबवलीत. मला वाटलं आता रागावणार. तुम्ही म्हणालात, “खाईल. पन आज शोधलं का न्हाई?” आणि पेडल मारलंत.

सिद्धेश्वरला धरणाच्या कडेला दाखवलेला तो कोळ्यांचा पिक्चर आठवतो? त्यातला म्हातारा लहान मासोळ्या पुन्हा पाण्यात सोडतो. तुम्ही त्यावर सुंदर बोललात, मन मोठं ठेवा वगैरे. समोर सगळे मासेमारी करणारेच बसलेले. त्यातला एक उठला आणि म्हणाला, “सर, बारकी मासळी सोडायची तर जाळ्याचं भोक मोठं करावं लागतंय. मन मोठं करून काय होनार?” लोक हसले. मी तर मशीनमागं पोट धरून हसलो. तुम्ही खिशातून पेन काढलंत आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलंत. पुढच्या रविवारी चर्चमध्ये तेच सांगितलंत, त्या माणसाच्या नावासकट. सर, या गोष्टीसाठी मी तुमच्यामागं वीस वर्षं सायकल हाणली. शिकवणीसाठी नाही. शिकवणारा माणूस दुसऱ्याचं वाक्य इतक्या आनंदानं लिहून घेतो, हे मी कुठं बघितलं नव्हतं.

आता जवळा बाजार. कितीही फिरवलं तरी मला तिथंच यायचंय.

आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजार उठल्यावर तिथंच पडदा बांधला. तुमच्या घरून वहिनींनी आपल्यासाठी धपाटे आणि दही दिलं होतं, आणि ताटल्या द्यायला विसरल्या होत्या. तुम्हीच म्हणालात, डब्याची झाकणं आहेत की. फिल्मच्या डब्यांची पत्र्याची झाकणं, गोल, स्वच्छ, कड असलेली. आपण नेहमीच त्यात खायचो. दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या डब्याची झाकणं काढली, धपाटे खाल्ले, मी झाकणं रुमालानं पुसली आणि डब्यांवर परत लावली. नंबर झाकणांवर लिहिलेले असायचे, डब्यांवर नाही. टॉकीजमध्ये मी असं कधी केलं नसतं. तिथं रीळ चढवण्याआधी मी पहिल्या चार फ्रेम उजेडात धरून बघायचो. पण तुमच्याबरोबर फिरताना मी सुटीवर असल्यासारखा असायचो.

पहिलं रीळ नीट गेलं. दोन शेजारी, मध्ये एक बंधारा, दुष्काळ लागलाय. मग मी ‘दोन’ लिहिलेला डबा उघडला आणि चढवलं. पडद्यावर त्या दोघांतला मोठा शेतकरी आला तर त्याचे केस पांढरे. मला दोन मिनिटांत कळलं. हे तिसरं रीळ होतं, पुसून लावताना झाकणांची अदलाबदल झाली होती. खरी गोष्ट अशी होती, की दुसऱ्या रिळात शेजारी बंधारा फोडतो, याचं पीक जळतं, वैर लागतं, पंधरा वर्षं जातात. तिसऱ्या रिळात हा म्हातारा होऊन भर पुरात त्याच्या घरी जातो आणि म्हणतो, माझ्या मनात काही नाही. आपल्या लोकांनी ते आधी बघितलं. शेजाऱ्यानं काही केलेलंच नाही, आणि हा जाऊन माफ करतोय.

मशीन थांबवायला पाहिजे होतं. थांबवलं नाही. तीनशे माणसं बसली होती आणि मी टॉकीजचा ऑपरेटर होतो. माझी चूक झाली असं त्यांच्यासमोर म्हणायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, खेड्यातली माणसं आहेत, त्यांना काय कळतंय. बस्स, एवढंच होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

ते संपलं, बल्ब लागला. लोक चुळबुळ करत होते, पण तुम्ही त्यांना हातानं थांबवलंत. म्हणालात, पुढं बघू. मी खरं दुसरं रीळ लावलं. आता त्याचे केस काळे आणि शेजारी बंधारा फोडतोय. ते संपल्यावर पुन्हा बल्ब लागला, आणि पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “ओ सर, ह्याचे केस पांढरे व्हते, ते काळे कशानं झाले?”

मी मशीनमागं खाली वाकलो. आणि तुम्ही हसलात. म्हणालात, “आजी, मानूस माफ करतो ना, तवा तो तरुण होतो.”

सगळा बाजार टाळ्या वाजवायला लागला. आणि मग तुम्ही जे बोललात ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकतो. “आपुन म्हंतो, त्यानं चूक केली, आता तो पाया पडला की मी माफ करीन. ह्या मानसानं काय केलं? आधीच जाऊन माफ करून आला. देव बराबर असाच हाय. आन देवाचं सोडा, मातीकडं बघा. आपुन तिला नांगरानं फाडायच्या आधीच तिनं आपल्याला माफ केल्यालं ऱ्हातं. न्हाईतर ती पिकली असती का?” त्या रात्री परत येताना तुम्ही सायकल चालवतच नव्हतात, उडत होतात. म्हणालात, रफीक, असला पिक्चर मी जन्मात बघितला नाही. हा काढणारा माणूस ख्रिस्ती नसेल, पण प्रभू त्याच्या शेजारी बसला असणार.

शेजारी मी बसलो होतो, सर.

दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो मनात. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत सांगितलं होतंत. रविवारी चर्चमध्ये सांगितलंत. महिनाभरात तुम्हाला नरसीहून बोलावणं आलं, फक्त ती गोष्ट सांगायला. पिक्चरचे डबे तर नांदेडला परत गेले होते, ते पुन्हा कधी आले नाहीत. उरली तुमची गोष्ट. ती ऐकून भावकीतली दोन घरं बोलायला लागली, एका सुनेला सासरी परत नेलं, असं लोक सांगायचे. मी काय म्हणून तोंड उघडणार होतो? की मंडळी, हे धपाट्यांमुळं झालं? खरं सांगतो, काही वर्षांनी मला त्याचं हसूही यायचं. वाटायचं, कुणाचं काय बिघडलं. चांगलंच झालं.

बिघडलं ते नंतर.

वहिनी गेल्यावर विनयनं तुमच्या शेतात आंबे लावले. एकतीस झाडं. कॉलेज सांभाळून तो पोरगा दर शनिवारी यायचा, डोक्यावर घागर घेऊन पाणी घालायचा. तुम्ही म्हणायचात, आईशी बोलायचं असेल तर हा झाडांशी बोलतो. चौथ्या वर्षी झाडं डोक्याइतकी झाली आणि त्या एप्रिलमध्ये शेजाऱ्यानं त्याच्या शेताच्या कडेचा धुरा पेटवला. वारा सुटलेला, दुपारची वेळ. धुऱ्यावरचं गवत जळता जळता आग बांध ओलांडून आत आली. आपण पोचलो तेव्हा काळ्या काड्या उभ्या होत्या. विनय एकेका झाडाचं खोड नखानं खरडून बघत होता, आत हिरवं आहे का. एकतीसही झाडं त्यानं बघितली.

आणि तुम्ही शेजाऱ्याच्या शेतातल्या घरी, आखाड्यावर गेलात. तो माफी मागायला यायच्या आधी. मी बरोबर होतो. तुम्ही त्याला म्हणालात, माझ्या मनात काही नाही. तो बाजेवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, “वाऱ्यानं गेली आग. म्या काय केलं?” तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून परत आलात. पंचनामा नाही, तक्रार नाही. विनय तुम्हाला म्हणाला, “बाबा, त्यानं चूक कबूल तरी करू द्या ना.” तुम्ही त्याला जवळा बाजारचा पिक्चर सांगितलात. जळालेल्या झाडांमध्ये उभं राहून. मी शेजारीच होतो आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यानं पुन्हा धुरा पेटवला. फक्त या वेळी आधी फोन केला. तुम्ही म्हणालात, बघ, फरक पडला. मी म्हणालो, आता जळायला उरलंय काय? तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

विनय पुण्याला नोकरीला लागला आणि तिथं त्याला तो पिक्चर मोबाईलवर सापडला. आता सगळंच सापडतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं तुम्हाला फोन केला. त्या पिक्चरमध्ये असं काहीच नाही बाबा, आधी बंधारा फुटतो, मग पंधरा वर्षांनी तो माफ करतो, तुम्ही लोकांना आणि मला खोटी गोष्ट सांगत आलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या दुकानावर आलात. टॉकीज बंद पडून मी मिक्सर-पंखे दुरुस्त करायला लागलो होतो. तुम्ही स्टुलावर बसलात. एवढे उतरलेले तुम्ही वहिनींच्या वेळीही दिसला नव्हतात.

“रफीक, तू मशीन चालवत व्हतास. आपुन बघितला तो पिक्चर तसाच व्हता ना?”

सर, माझ्या हातात तेव्हा एका मिक्सरची मोटर होती. मी ती खाली ठेवली नाही. तिच्याकडं बघतच म्हणालो, “बराबर तसाच व्हता सर. जुन्या पिक्चरच्या दोन-दोन कॉप्या ऱ्हायच्या. मोबाईलवर कापाकापी केल्याली टाकत्यात.”

तुम्ही एकदम मोकळे झालात. चहा मागवलात. म्हणालात, मी विनयला तेच सांगतो. आणि सांगितलंत. आता त्याच्या बाजूनं बघा. बाप आधी खोटं बोलला, आणि पकडल्यावर दुसरं खोटं बोलला, दोन कॉप्यांचं. त्यानं तुम्हाला काय शब्द वापरला तो तुम्ही मला कधी सांगितला नाहीत. त्यानंतर नऊ वर्षं त्यानं तुम्हाला फोन केला नाही. तुमचा उचललाही नाही.

त्या नऊ वर्षांत मी रोज सकाळी तुमच्याकडं चहाला यायचो. येताना ठरवून यायचो, आज सांगायचं. तुम्ही म्हणायचात, ये रफीक. आणि माझ्याच भरवशावर ताठ बसलेले तुम्ही दिसायचात. कधी कधी म्हणायचात, “पोरगं येईल रे. म्या त्याला आधीच माफ केलंय.” माफी कुणी कुणाला करायची होती, सर? त्यानं काही केलंच नव्हतं. ज्यानं केलं तो समोर बसून तुमच्या कपातला चहा पीत होता.

दवाखान्यात तुमची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सहा दिवस मी आलो. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आपण दोघेच होतो, तेव्हा मी सुरुवात केली. म्हणालो, सर, जवळा बाजारला आपण झाकणात जेवलो होतो बघा. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. डोळे साफ होते, सगळं कळत होतं. आणि तुम्ही डाव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलंत. मला वाटलं पंखा. मी उठून पंखा वाढवला. तुम्ही पुन्हा बोट फिरवलंत. मी पाणी दिलं, तुम्ही तोंड फिरवलंत. मी उशी सरकवली. शेवटी तुम्ही हात खाली टाकलात आणि डोळे मिटलेत. मग मला पुढचं बोलवेना. ज्याला उलटून एक शब्द बोलता येत नाही, त्याच्या कानात हे ओतायचं कसं? निदान मला तेव्हा असं वाटलं. आता वाटतं, तेही निमित्तच होतं. ते बोट काय सांगत होतं हे मी आता कुणाला विचारू? वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं, तर त्या म्हणाल्या, पेशंट असं करतातच.

लोक मला सांगतील, अरे, साळवे सर म्हणजे आधी माफ करणारा माणूस, त्यांनी तुला कधीच माफ केलं असेल. सगळ्यांना ती माफी आहे. फक्त मला नाही. मला माहीत आहे ना ती कुठून आली. माझ्याच हातानं चुकीचं चढवलेलं रीळ, त्यातून निघालेली माफी मी स्वतःसाठी कशी वापरू? मशिदीत गेलो की अल्लाहकडं मागतो, तो तरी सगळ्या कॉप्या बघत असेल. पण तुमच्याकडं मागायची होती ती राहिलीच. आणि भांडायचंही राहिलं. तुम्ही हयात असतात आणि मी सांगितलं असतं, तर तुम्ही नक्की म्हणाला असतात, रफीक, झाकणं बदलणारा तू कोण, तीही देवानं वरूनच बदलली. आणि मी चिडून म्हणालो असतो, मग विनयचे आंबेही वरूनच जाळले का? याचं उत्तर मला हवं होतं, सर. अजून हवंय.

काल शोकसभा उठल्यावर विनय कुठं दिसेना. मी शोधत दफनभूमीत गेलो. तुमच्या मातीवरचे हार सुकले होते, तो ते एकेक करून उचलत होता. नऊ वर्षांत तो बराच जाड झालाय, आणि मागून अगदी तुमच्यासारखा चालतो. मला बघून म्हणाला, “काका, तुमी काहून आले?”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. झाकणं, धपाटे, पांढरे केस, सगळं. मोटर हातात धरून मी तुमच्याशी खोटं बोललो तेही सांगितलं. वाटलं, हा आता माझी गचांडी धरेल. धरावी असंच वाटत होतं.

त्यानं एवढंच विचारलं, “बाबांना हे माहीत नव्हतं?”

“न्हाई बाबा. त्यांना जसं दिसलं तसं त्यांनी सांगितलं. दोन कॉप्याचं बी मीच सांगितलं व्हतं.”

तो खाली बसला. हातातले सुकलेले हार त्यानं मांडीवर ठेवले. “म्हंजे बाबा खोटं बोलत नव्हते,” तो म्हणाला. मग, “काका, म्या त्यांना ढोंगी म्हनलो व्हतो. फोनवर. त्यानंतर बोललोच न्हाई.”

माझ्याकडं एकच वाक्य होतं, आणि ते नऊ वर्षांपूर्वी बोललो असतो तर त्याच संध्याकाळी तो पुण्याहून गाडीत बसला असता. हे त्यालाही कळत होतं. त्यानं मला शिवी दिली नाही की दोष दिला नाही. “तुमी एक फोन काहून न्हाई केला काका?” एवढं म्हणाला, तेही हळू. आणि तो उठून तुमच्या मातीकडं गेला.

सर, तो तुमच्या पायाशी उभा राहिला आणि त्यानं तुम्हाला हाक मारली. “बाबा.” घराच्या अंगणात येऊन आत आवाज द्यावा तशी, मोठ्यानं. थोडं थांबून पुन्हा एकदा, “बाबा, म्या आलोय.” आणि मग तो मान थोडी वाकडी करून ऐकत राहिला. मी तिथून निघालो तेव्हाही तो तसाच उभा होता.